सेनेट अडवते, शहरं पेटतात: लोकशाही राखून सिव्हिलायझेशनमध्ये लढाई कशी लढावी

"काका, डेमोक्रसी घेतली आणि सगळं राज्य बसलं." रायपूरला चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात गणपतीची आरती आटोपते, प्रसादाची वाटी हातात येते, आणि कुणीतरी कॉलेजकुमार मला कोपऱ्यात गाठून हे ऐकवतो. पुढचं मला पाठ असतं. खजिना भरलेला होता, विज्ञानात सगळ्यांच्या पुढे होतो, शेजारी दुबळा होता. चार तोफा सरहद्दीपलीकडे पाठवल्या. पुढच्याच टर्नला राजधानीत दंगल, त्याच्या पुढच्याला आणखी दोन शहरांत, मग थेट अराजक. आणि मग तो तावातावाने विचारतो: लोकशाहीत लढताच येत नसेल तर खेळात ती ठेवलीच कशाला?

लढता येतं, आणि चांगलं लढता येतं. मात्र तोफा हलवण्याआधी बरीच तयारी करावी लागते, आणि ती कुणी करत नाही. ज्यांनी ज्यांनी मला गाठलं, त्या सगळ्यांसाठी हा लेख.

आधी सांगा, तुम्ही कोणता भाग खेळता?

निम्मा गोंधळ इथेच असतो. सिड मायरचा पहिला सिव्हिलायझेशन १९९१ साली आला, दुसरा १९९६ला, तिसरा २००१ला, चौथा २००५ला, पाचवा २०१०ला आणि सहावा २०१६ला. नाव तेच, पण लोकशाहीचा कायदा दर वेळी वेगळा. मित्राने दुसऱ्या भागातली युक्ती सांगायची आणि तुम्ही ती सहाव्यात लावायची, हे म्हणजे पुण्याच्या बसचा पास रायपूरच्या सिटीबसमध्ये दाखवण्यासारखं आहे.

- दुसरा भाग आणि फ्रीसिव्ह: इथे खरीखुरी सेनेट आहे. ती तह मोडू देत नाही. मैदानात गेलेला प्रत्येक शिपाई आपल्या मूळ शहरात नाराजी निर्माण करतो.
- तिसरा भाग: सेनेट नाही, पण युद्धाचा शीण आहे. तो हळूहळू साचतो आणि एका टप्प्यावर सरकारच पाडतो.
- चौथा भाग: लोकशाही असं एकच सरकार उरत नाही, वेगवेगळी धोरणं निवडायची असतात. शीण इथेही आहे. पोलीस स्टेट हे धोरण घेतलं की तो निम्मा होतो, पण त्यासाठी सार्वत्रिक मताधिकार सोडावा लागतो, कारण दोन्ही एकाच रांगेतली धोरणं आहेत.
- पाचवा भाग: शीण जवळजवळ नाहीच. इथे डोकेदुखी जिंकलेल्या शहरांच्या नाराजीची.
- सहावा भाग: शीण परत आला आहे आणि तो शहरातल्या सुखसोयी खातो. शिवाय युद्धाला कारण नसेल तर जगभर नाव खराब होतं.

फ्रीसिव्हबद्दल दोन शब्द, कारण हॉस्टेलवर बहुतेकांकडे तोच असतो. १९९५ साली डेन्मार्कमधल्या ऑर्हुस विद्यापीठातल्या तीन विद्यार्थ्यांनी तो सुरू केला. पूर्णपणे मोफत आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतो. त्यात नियमांचे वेगवेगळे संच आहेत. मी खाली जे सांगतो आहे ते 'क्लासिक' संचाला धरून. दुसरा संच लावला असेल तर खेळाच्या आतल्याच मदतीच्या पानावर लोकशाहीची नोंद आधी वाचा. पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं न दिल्यामुळे पाच तासांचा डाव गेल्याचं मी पाहिलं आहे.

मैदानातला शिपाई घरी कितीला पडतो

दुसऱ्या भागातलं गणित नीट समजलं की बाकीचे भाग सोपे जातात, म्हणून इथे जरा थांबू.

लोकशाहीत शहराबाहेर पडलेलं प्रत्येक लढाऊ युनिट आपल्या मूळ शहरात दोन माणसं नाराज करतं. रिपब्लिकमध्ये हा आकडा एक आहे. म्हणजे आठ लोकसंख्येच्या शहराने तीन तोफा बाहेर पाठवल्या तर सहा जण नाराज. नाराजांची संख्या आनंदी लोकांपेक्षा वाढली की दंगल, आणि लोकशाहीत तीच दंगल सलग दोन टर्न टिकली की सरकार कोसळतं. पहिल्या परिच्छेदातल्या त्या कॉलेजकुमाराने चारही तोफा एकाच शहरात बनवल्या होत्या. त्यातच सगळं आलं.

तेव्हा असं करा:

1. तोफा वाटून बनवा. चार तोफा चार शहरांतून येऊ द्या. प्रत्येक शहरात दोनच जण नाराज होतील आणि एक देऊळ, एक बाजारपेठ तेवढं सांभाळून नेते. आधीच एका शहरात बनवून बसला असाल तर युनिट दुसऱ्या शहरात न्या आणि एच दाबून तिथलं रहिवासी करून टाका.
2. शेक्सपिअरचं थिएटर कुठे आहे ते बघा. ज्या शहरात ते आहे तिथे कुणी नाराज राहतच नाही. सगळ्या हल्लेखोर फौजेचं बिऱ्हाड त्या शहरात हलवा. दुसऱ्या भागातली लोकशाहीची ही सगळ्यात मोठी छावणी आहे, आणि नव्याने खेळणारे तिथे नाटकं बघत बसतात. शहर मात्र उत्पादनाला दणकट हवं, कारण प्रत्येक युनिटचा खर्च तेच उचलतं.
3. टर्न संपताना फौज गडात किंवा शहरात ठेवा. नाराजी मोजली जाते ती युनिट कुठे उभं आहे त्यावरून. आपल्या शहरापासून तीन घरांच्या आत बांधलेल्या गडातलं युनिट बाहेर गेलेलं धरत नाहीत. जिंकलेल्या शहरात शिरलेलंही नाही. म्हणून उघड्या माळावर मुक्काम नको. रेल्वे शत्रूच्या दारापर्यंत नेऊन ठेवलीत तर सकाळी हल्ला करून संध्याकाळी फौज घरी येते, आणि जनतेला लढाई चालू असल्याचं जाणवतही नाही.
4. ऐषआरामाचा दर लढाईच्या आधीच्या टर्नला वाढवा, नंतर नव्हे. ऐषआरामाचे दोन अंक एका समाधानी माणसाला आनंदी करतात. वीस-तीस टक्के महसूल त्यासाठी ठेवा. विज्ञान चार टर्न मागे पडलं तरी चालेल.
5. विमेन्स सफ्रेज हे वंडर मिळत असेल तर सोडू नका. ते प्रत्येक शहरात पोलीस ठाण्याचं काम करतं आणि फौजेमुळे येणारी नाराजी खाली आणतं.

राजदूत, व्यापारी तांडे, वसाहत करणारे यांची नाराजी धरत नाहीत, त्यांना खुशाल हिंडू द्या. फ्रीसिव्हमध्ये बॉम्बर मात्र शहरात नुसता उभा असला तरी नाराजी आणतो. विमानं बनवून ठेवली आणि लढाई सुरू न होताच शहर पेटलं, अशी तक्रार असेल तर कारण हेच.

सेनेट 'नाही' म्हणते तेव्हा

सेनेटला अडाणी समजू नका, तिला फक्त कागद पाहिजे असतो. तह मोडणारे तुम्ही असाल तर ती अडवते. फ्रीसिव्हमध्ये जबरदस्ती केलीत तर तुमच्या कृत्याला पाठिंबा देण्याऐवजी ती स्वतःच विसर्जित होते आणि तुम्ही अराजकात पडता. समोरच्याने आगळीक केली असेल, म्हणजे त्याचा हेर तुमच्या शहरात घातपात करताना सापडला असेल, तर तीच सेनेट तुमचा ठराव मंजूर करते. म्हणून शत्रूच्या हेराला पकडल्याचा संदेश आला की तो चुकीच्या बटणावर बोट ठेवून घालवू नका.

आणखी एक कायदेशीर वाट आहे. फ्रीसिव्हमध्ये युद्धविराम सोळा टर्नांचा असतो. त्या मुदतीत शांततेचा तह झाला नाही तर युद्ध आपोआप पुन्हा सुरू होतं. इथे तुम्ही काहीच मोडलेलं नसतं, त्यामुळे सेनेटला बोलायला जागा उरत नाही. सोळा टर्न फौज जमवा आणि मुदत संपू द्या. उलट, एकदा शांततेचा तह झाला की तो रद्द केल्यावरही युद्ध सुरू व्हायला सोळा टर्न जातात. तेव्हा तह करताना घाई नको.

दुसऱ्या भागात उलटा त्रासही होतो. तुम्ही जिंकत असता, शत्रू युद्धविराम मागतो आणि सेनेट तुमच्या वतीने सही करून मोकळी होते. त्यावर उपाय एकच: मोहीम चालू असताना त्याच्या दूताला भेटच देऊ नका. हे सभ्य नाही, पण चालतं. संयुक्त राष्ट्रांचं वंडर तुमच्याकडे असेल तर सेनेटला निम्म्या वेळा बाजूला सारता येतं. निम्म्या वेळा म्हणजे नाणेफेकच, त्यावर मोहीम आखू नका.

सर्वात उत्तम म्हणजे युद्ध शत्रूने पुकारावं. त्याने खंडणी मागितली तर नाकारा. त्याच्या फौजा तुमच्या जमिनीवर फिरत असतील तर बाहेर जायला सांगा. तिसऱ्या भागात तर 'निघून जा, नाहीतर युद्ध पुकारा' असं सरळ बजावता येतं, आणि त्याने पुकारलंच तर सुरुवातीला तुमची जनता नाराज होण्याऐवजी खूश होते.

१९७१चा डाव समोर ठेवा

खऱ्या लोकशाहीने हा डाव कसा खेळला, हे बघायला आपल्याला लांब जायला नको. रायपूरहून विमानतळाकडे जाताना माना कॅम्प लागतो. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना १९६४पासून तिथे आसरा दिला होता. १९७१ साली मार्चनंतर जवळपास एक कोटी लोक भारतात आले आणि त्याचाही भार इथपर्यंत पोचला. आमच्या आधीच्या पिढीने तो डोळ्यांनी पाहिला.

त्या वर्षाचा क्रम खेळाडूच्या नजरेने वाचा. एप्रिलमध्ये लगेच चढाई करायची का, असा प्रश्न निघाला तेव्हा जनरल माणेकशॉ यांनी तयारीसाठी वेळ मागितला, कारण पुढे पावसाळा होता. ९ ऑगस्टला सोव्हिएत संघाशी मैत्रीचा करार झाला, म्हणजे मोठ्या शेजाऱ्यांकडची बाजू बंद झाली. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानने भारताच्या विमानतळांवर हल्ला केला, म्हणजे कारण त्यांनी दिलं. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, सुमारे ९३,००० युद्धकैदी हाती आले. दुसऱ्याच दिवशी पश्चिम आघाडीवरही एकतर्फी युद्धविराम. आठ महिन्यांची तयारी आणि तेरा दिवसांची लढाई.

खेळात हेच प्रमाण धरा. मी स्वतः एका टर्नच्या लढाईला दहा टर्नांची तयारी मोजतो. रस्ते, रेल्वे, कोठार, मित्र आणि भरलेला खजिना, हे सगळं झाल्यावरच पहिला गोळा.

शिलंगण करा, मुक्काम नको

छत्तीसगडात दसऱ्याला सोनं म्हणून पानं वाटायची चाल बिंबाजी भोसल्यांनी रुजवली, असं इथे सांगतात. नागपूरकर भोसल्यांचे हे बिंबाजी १७५८पासून १७८७पर्यंत रतनपूरहून या मुलखाचा कारभार पाहत होते. त्याआधी १७४१ साली भास्करपंत कोल्हटकर याच वाटेने बंगालकडे निघाले आणि रतनपूर वाटेतच पडलं. मराठी फौजेचं वेळापत्रक साधं होतं: दसऱ्याला सीमोल्लंघन, पावसाळ्याच्या आत परत. लोकशाहीत खेळणाऱ्याने हे वेळापत्रक भिंतीवर लावून ठेवावं. (भोसले लोकशाहीवादी नव्हते हे मलाही ठाऊक आहे. वेळापत्रक मात्र घेण्यासारखं आहे.)

शिणाचा नियम तिसऱ्या आणि सहाव्या भागात सारखाच निर्दयी आहे. परक्या जमिनीवर लढलात तर तो जास्त साचतो, स्वतःच्या जमिनीवर कमी. युनिटं मेली की आणखी वाढतो. सहाव्या भागात साचलेल्या दर ४०० अंकांमागे एक सुखसोय जाते. म्हणून:

- उद्दिष्ट आधी ठरवा: दोन शहरं, एक खाण, एक खिंड. 'जमेल तेवढं' हे उद्दिष्ट होत नाही.
- पहिल्या दोन-तीन टर्नांत तोफा सरहद्दीच्या अलीकडूनच चालवा. शत्रूला आपल्या अंगणात येऊन मरू द्या.
- जखमी युनिट मागे घ्या. लोकशाहीत शिपाई स्वस्त नसतो.
- उद्दिष्ट मिळालं की तह. सहाव्या भागात युद्ध सुरू झाल्यापासून दहा टर्नांपर्यंत तह करता येत नाही, तेव्हा ते दहा टर्न आधीच हिशेबात धरा. तहाची सही झाली की शीण झपाट्याने उतरतो.

सहाव्या भागात: कारण कोणतं दाखवाल?

इथे लोकशाहीला लष्करी धोरणाची एकच जागा मिळते. फॅसिझमला चार. म्हणजे ताकदीच्या जोरावर तुम्ही जिंकणार नाही, कागदाच्या आणि पैशाच्या जोरावर जिंकाल. आधी शत्रूची जाहीर निंदा करा, पाच टर्न थांबा, मग रीतसर युद्ध पुकारा. अचानक चढाई केलीत तर बदनामी जास्त. त्याहून बरी कारणं अशी:

- तुमचं शहर त्याने घेतलं असेल तर ते परत मिळवण्यासाठी.
- तुमच्या मित्राचं शहर घेतलं असेल तर सोडवण्यासाठी.
- तुमच्या छायेतल्या नगरराज्यावर त्याने हल्ला केला असेल तर संरक्षणासाठी.
- त्याने तुमच्या शहराचा धर्म बदलला असेल तर धर्मयुद्ध.

सोडवलेलं शहर मूळ मालकाला परत द्या. जीव तुटतो, पण मित्र मिळतो आणि पुढच्या युद्धाला तोच कामाला येतो. 'न्यू डील' हे फक्त लोकशाहीला मिळणारं धोरण लढाईच्या आधी लावून ठेवा. तीन किंवा जास्त विशेष विभाग असलेल्या शहरांना ते दोन सुखसोयी देतं, म्हणजे ८०० अंकांचा शीण पचतो. त्याला पैसे लागतात, पण लोकशाहीकडे पैसे असतातच. आणि समोर गांधीजी असतील तर जपून. त्यांच्याशी लढणाऱ्याला शीण दुप्पट येतो.

तलवारीआधी थैली

लोकशाहीची खरी तोफ म्हणजे खजिना. दुसऱ्या भागात राजदूत पाठवून शत्रूचं शहर पैशाने फोडता येतं. राजधानी फुटत नाही, आणि समोरचाही लोकशाहीत असेल तर त्याचं कुठलंच शहर फुटत नाही. बाकीच्यांची किंमत विचारून बघा. राजधानीपासून दूरचं, दंगलीत असलेलं शहर स्वस्त पडतं. एक शहर फोडलं की त्यातली फौजही मिळते आणि तुमच्या घरी एकही माणूस नाराज होत नाही. सहाव्या भागात नगरराज्याची फौज पैसे मोजून काही काळासाठी भाड्याने घेता येते. ती मेली तरी तुमचं उत्पादन वाया जात नाही.

हमखास होणाऱ्या चुका

- दंगल एका टर्नची आहे म्हणून सोडून देणे. दुसऱ्या टर्नची वाट पाहू नका. शहर उघडा, शेतातली दोन माणसं काढून त्यांना मनोरंजनाला लावा. धान्य कमी पडेल, सरकार वाचेल.
- सगळी शहरं बघितल्याशिवाय टर्न संपवणे. सरकार पाडणारं शहर बहुधा नकाशाच्या कोपऱ्यातलं, नावही न आठवणारं असतं.
- मित्राशी परस्पर संरक्षणाचा करार करून विसरणे. तिसऱ्या भागात त्याच्यावर हल्ला झाला की तुम्हीही युद्धात.
- 'अणुबॉम्बवाले गांधी' या गोष्टीवर विसंबणे. गांधींचा आक्रमकपणा लोकशाही आल्यावर शून्याखाली जाऊन २५५ व्हायचा, ही कथा सगळे सांगतात. सिड मायरने २०२०च्या आत्मकथनात ती खोटी असल्याचं लिहिलं आहे. शेजाऱ्याचा स्वभाव त्याच्या फौजेच्या हालचालीवरून ओळखा.

सरकार बदलावं का?

लांबची, चार-पाच शहरांची मोहीम असेल तर बदला, लाज नको. पण मधला अराजकाचा काळ मोजा. दुसऱ्या भागात स्टॅच्यू ऑफ लिबर्टी असेल तर अराजक टळतं. तिसऱ्या भागात आपला भारत धार्मिक गुणाचा आहे, त्यामुळे त्याचं अराजक थोडक्यात आटपतं. तो देश घेऊन खेळत असाल तर हा फायदा वापरा. वीस टर्नांहून कमी लढाईसाठी मात्र मी सरकार हलवत नाही. जाताना अराजक, येताना अराजक, आणि मधे बुडालेला महसूल.

विकत घेताना आणि घरच्यांना समजावताना

स्टीमवर घेतलेला खेळ चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात. गंमत अशी की दोन तासांत तुम्ही नांगर आणि चाकाच्या पुढे जेमतेम पोचता, लोकशाही फार लांब असते. म्हणून आधी फ्रीसिव्हवर हात बसवा. आई-वडील 'ऑनलाइन गेमवर आता बंदी आहे ना?' असं विचारत असतील तर सांगा, २०२५चा केंद्रीय कायदा पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालतो. एकदा विकत घेऊन घरी खेळायच्या डावपेचांच्या खेळात पैज नसते.

एकाच संगणकावर चौघं खेळत असाल तर

आळीपाळीने बसून खेळताना भांडणं नियमांवरूनच होतात, म्हणून नियमांचा संच, युद्धविरामाची मुदत आणि सेव्ह उघडून मागे जायचं की नाही, हे पहिल्या टर्नआधी कागदावर लिहून घ्या. आमच्या तात्यापाऱ्यातल्या घरी सहावा भाग खेळतात आणि त्यात सेनेट नाही, म्हणून ते पद आजीला दिलेलं आहे. युद्ध पुकारायचं असेल तर तिच्यापुढे जाऊन तीन वाक्यांत कारण सांगायचं, तेही मराठीत, मधे हिंदी आलं तर ठराव नामंजूर. गेल्या दिवाळीत नातवाने पाच वेळा परवानगी मागितली. तिने एकदा दिली, तीही दुपारी दोनच्या आत लढाई संपवून जेवायला यायच्या अटीवर.